मानेचा अर्ज

काकाजींना मागून हाक मारायची नाही, हा आमच्या ऑफिसातला पहिला नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चहाबरोबर सांगितला जाई. हाक मारलीच, तर ते जागच्या जागी थांबत, एकेक पाऊल उचलून वळत, आणि मग पोट, छाती, चष्मा असं सगळं मिळून तुमच्यासमोर हजर होई. तोवर हाक मारणारा आपलं काम विसरून गेलेला असे, आणि ते "हौ, बोला" म्हणून उभे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कालव्यांचं काम पाहणारं एक सरकारी ऑफिस होतं. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथली निम्मी मंडळी मला अजून बाजारात भेटतात आणि मला शांतपणे भाजी घ्यायची असते. ऐंशीनंतरची पाच-सहा वर्षं मी तिथे हिंदी टायपिस्ट होते. काकाजी तिथे नकाशे काढायचे. सरकारी हिंदीत त्यांच्या पदाला 'मानचित्रकार' म्हणतात. मानचित्र म्हणजे नकाशा. आमच्या आईला मान म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक, खांद्यावर डोकं धरून ठेवणारी. ती त्यांना 'मानेचं चित्र काढणारे काकाजी' म्हणायची आणि आम्ही हसायचो. मीही त्यांना काकाजीच म्हणायचे.

आम्हा बालाघाटच्या मराठी लोकांचं बोलणं म्हणजे खिचडीच. घरात मराठी, तीही इकडची. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. भांडण रंगात आलं की दोन्ही. माझी तर शाळाच हिंदीत झाली. काकाजींच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, आमचं घर विहारामागच्या वॉर्डात, आजोबा गोंदियाकडून आलेले. पण ऑफिसात साहेब बाहेर पडले की काकाजी, मी आणि बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, असे तिघं आपसूक मराठीवर यायचो. साहेब रीवाकडचे. त्यांना आमचं बोलणं कळत नसे आणि ते न कळल्याचं त्यांना आवडतही नसे.

काकाजींच्या टेबलावर सात पेन्सिली ओळीने मांडलेल्या असत, सगळ्या सुईसारख्या टोकदार. एकही कोणाला मिळत नसे. कोणी मागायला आलं तर म्हणत, रेघ कुठे ओढायची ते सांग, मी ओढून देतो, पेन्सिल मागू नको. मी टाईप केलेला कागद त्यांच्या हाती पडला की आधी पट्टी लावून समास मोजत. अक्षरं वाचायची नंतर. एकदा साहेबांच्या सहीचं पत्र त्यांनी मला दोनदा टाईप करायला लावलं, का तर खालची ओळ सुतभर वर गेली होती. मी चिडले, भांडले, आणि तिसऱ्या वेळी ते सरळ टाईप केलं. आजही मी कुठलाही कागद हातात घेतला की समास बघते, त्याचं खापर त्यांच्यावर.

नकाशे तेव्हा एका खळ लावलेल्या मेणचट कापडावर उतरवत. नकाशा रद्द झाला की काकाजी ते कापड घरी नेत, काकू ते उकळून काढत, आणि आत लपलेलं मऊ पांढरं कापड निघे. ओळखीपाळखीत कोणाकडे बाळ जन्मलं की त्याची झबली त्या कापडाची. माझ्या भाचीच्या झबल्यावर कितीही धुतलं तरी एका नाल्याची निळी रेघ राहिली होती. आई म्हणायची, पोरगी कुठे हरवली तर नाला धरून सापडेल.

आणि फोटो. कोणाच्याही घरी गेले की पाणी नंतर, आधी भिंतीवरच्या फोटोंची तपासणी. तिरपा फोटो त्यांना पाहवत नसे. चप्पल काढून खुर्चीवर चढत, बोटाने फोटो हलवत, खाली उतरून लांबून बघत, पुन्हा चढत. आमच्या घरातला आई-बाबांच्या लग्नाचा फोटो त्यांनी असाच कधी काळी सरळ केलेला. पुढे भाचीच्या बारशाला आले तेव्हा ते पुन्हा खुर्चीवर चढले. फोटो सरळ होता. त्यांनी तो डावीकडे दोन बोटं उतरवला, खाली येऊन पाहिला आणि समाधानाने जेवायला बसले. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "काकाजीची नजर गेली का वं?" मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, कारण त्या दिवशी मी थोडा विचार केला असता तर बरंच काही आधी कळलं असतं.

मान त्यांची आखडलेली पहिल्यापासूनच, पण आता कित्येक महिन्यांपासून ती दुखतही होती. कवटीच्या खालून कळ निघे ती खांद्यापर्यंत जाई. पंचवीस वर्षं आडव्या टेबलावर वाकून काढलेली, दुखणारच. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मोहरीचं तेल झालं, मिठाच्या पुरचुंडीचा शेक झाला, उशीऐवजी विटेला टॉवेल गुंडाळून निजून झालं. खैरलांजीकडच्या एका खेड्यात कोणी मान झटकून देतो असं ऐकलं, तर बसने तिकडे जाऊन झटकूनही आले. त्यानंतर आठ दिवस ते पाणी पिताना पेल्याऐवजी स्वतःच मागे झुकत.

मग ते सायकलवरून पडले. रेल्वे फाटकाजवळ कोणी परगावच्या माणसाने मागून हाक मारली. वळायला गेले ते हँडलसकट वळले आणि नकाशांच्या नळकांड्यासह नालीत गेले. उठवायला धावलेल्यांनी पाहिलं, तर माणसाला धड उभं राहता येईना, जमीन शोधल्यासारखे पाय टाकतोय. भर दुपारी. संध्याकाळपर्यंत बातमी झाली की नक्शेवाले बाबूजी दिवसाच मोहाची घेतात. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्याबद्दल. मी दोघातिघांशी कडाकडा भांडले. त्यानंतर काकाजी सायकल हातात धरून पायी येऊ लागले. लोक म्हणाले, कंजूष, टायर वाचवतो. खरं म्हणजे हँडल धरलं की त्यांना कमी हेलपाटायला होई.

त्या महिन्यात त्यांच्या कामातही काही तरी बिनसलं होतं. टेबलाशी बसत, पेन्सिल उचलत, आणि तशीच धरून राहत. एकच आकडा तीनदा विचारत. मी म्हटलं, काकाजी, लक्ष कुठे आहे. ते म्हणाले की लक्ष सगळं मानेने मागून घेतलंय, उरेल तेवढ्यात काम चाललंय.

शेवटी काकूंनी त्यांना गोंदियाला एका डॉक्टरांकडे नेलं. परत आले ते अगदी तरतरीत. आजार बरा झाला नव्हता, पण आजाराचा नकाशा हाती आला होता. त्यांनी मला आणि बडे बाबूंना समोर बसवलं, टेबलावर तीन टाचण्या टोचल्या आणि शिकवायला लागले. डोकं कुठे आहे, सरळ आहे की कललंय, हे मेंदूला तिघं जण सांगतात. डोळे सांगतात, कानाच्या आतला भाग सांगतो आणि मान सांगते.

"तिघाची रीडिंग जुळली तं माणूस सरळ चालते," ते म्हणाले. "माही मान खोटी रीडिंग देऊन राह्यली. मेंदूले समजत नाई, कोणाचं खरं धराचं. म्हणून सपाट जमीन बी मले चढाची वाटते."

बडे बाबूंनी विचारलं की मग आता काय. काकाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. म्हणाले, "लेव्हल बिघडली तं फेकून देतेत का? दुरुस्त करतेत."

लेव्हल म्हणजे तिपाईवर ठेवून जमिनीची उंची मोजायचं यंत्र. त्यातला बुडबुडा मध्यावर आणल्याशिवाय त्याचं काहीच खरं नसतं. काकाजींना डॉक्टरांचं म्हणणं त्या बुडबुड्यामुळेच पटलं असावं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मान आणि डोळे रोज हळूहळू कामाला लावायचे, दुखतं म्हणून आवळून ठेवायचे नाहीत. दुसरी, टेबल उंच आणि तिरपं करून घ्यायचं, म्हणजे वाकावं लागणार नाही. पहिली गोष्ट त्यांच्या हातची होती. दुसरीला अर्ज लागणार होता.

अर्ज त्यांनी मला तोंडी सांगितला, त्यांच्या हिंदीत. मी टाईप केला. तो मला आजही जसाच्या तसा पाठ आहे. 'सविनय निवेदन है कि विगत कई माह से मेरा मान बहुत दुख रहा है. नीचे झुककर काम करने से मेरे मान को और पीड़ा होती है. अतः मेरी मेज ऊँची करने की कृपा करें.' खाली सही. त्यांनी पट्टी लावून समास तपासले आणि मान्य केले. बडे बाबूंनी वाचून कोपऱ्यात शिफारस लिहिली. तिघं मराठी माणसं, तिघांनी वाचलं, तिघांना बरोबर कळलं, आणि हिंदीत मानेला गर्दन म्हणतात हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. हिंदीत मान म्हणजे इज्जत. खांद्यावरच्या मानेशी त्याचा काही संबंध नाही.

साहेबांनी काय वाचलं असेल बघा. एक नकाशे काढणारा बाबू लिहितो की माझी इज्जत दुखावली आहे, वाकून काम करण्यात माझ्या इज्जतीला पीडा होते, सबब माझं टेबल उंच करा. सरकारी ऑफिसात टेबलाच्या लांबीरुंदीवरून माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात. साहेबांनी काकाजींना आत बोलावलं. मी डिक्टेशनची वही घेऊन तिथेच बसलेली.

साहेब म्हणाले, "क्या बात है बाबूजी, मान को क्या हुआ?"

"बहुत दुखता है, साहब. नीचे देखा ही नहीं जाता."

"अच्छा. किसने दुखाया?"

"इसी नौकरी ने, साहब. पच्चीस साल झुका-झुकाकर."

हे ते बोलले ते हनुवटी वर, नजर साहेबांच्या डोक्यावरच्या कॅलेंडरवर, कारण मान खाली जातच नव्हती. साहेबांच्या कानशिलाची शीर फुगली ती मी पाहिली. मला वाटलं, त्यांना दया आली असावी. इतकी मी हुशार.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला शेरा टाईप करायला दिला. 'आवेदक को झुककर काम करने में मान की हानि होती है. अतः धान कटाई के बाद इन्हें फील्ड में भेजा जाए, जहाँ झुकना न पड़े.' 'मान की हानि' टाईप करताना माझी बोटं थांबली. मी कागद मशीनमध्ये तसाच ठेवून काकाजींच्या टेबलाकडे पळाले आणि भडाभडा सगळं सांगितलं. चूक माझी होती. हिंदीची टायपिस्ट मी, हिंदी शाळेतली मी. आताच्या आता दुसरा अर्ज करू, गर्दन लिहू, मी साहेबांच्या पाया पडते, असं मी म्हटलं.

काकाजी आधी हसले. हसताना मानेत कळ आली म्हणून थांबले. मग त्यांनी विचारलं, फील्ड म्हणजे कुठे पाठवतायत. मी सांगितलं, परसवाड्याकडच्या नव्या कालव्याच्या आखणीवर. त्यांनी हातातली पेन्सिल ओळीत ठेवली. म्हणाले, "दुसरा अर्ज नाई कराचा."

मी म्हटलं, काहून? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नव्हतं. त्या कालव्याचा नकाशा त्यांनीच काढलेला होता, आणि तो नेमका त्या वाईट महिन्यांत. जमिनीच्या उंचीचे आकडे वहीतून नकाशावर उतरवताना डोकं गरगरत होतं. त्यात कुठे चूक झाली असली, तर कालवा खोदला जाईल आणि पाणी मध्येच उभं राहील. खालच्या तीन गावांना कोरडी नाली मिळेल. नकाशा नुसत्या डोळ्यांनी पुन्हा तपासण्याची त्यांना हिंमत नव्हती, कारण ज्या डोक्याने चूक केली तेच डोकं तपासणार.

"गर्दन लिहिलं तं मले मेडिकलले पाठवतीन," ते म्हणाले. "चक्करवाला माणूस म्हणून रेकॉर्ड रूममधी बसवतीन. मंग तो नकाशा कोण तपासन? मले घमेंडी म्हणू दे त्यांले. घमेंडी माणसाले फील्डवर जाता येते."

"अन् तिकडे पडले तं?"

"दोन महिने हायत. नाई पडत."

मला त्यांनी शब्द द्यायला लावला की साहेबांना काही सांगायचं नाही. मी दिला. नाइलाजाने दिला, पण दिला.

मग सुरू झालं ते सगळं, ज्याच्यामुळे ते आमच्या गावात वेडे म्हणून प्रसिद्ध झाले. जेवणाच्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात त्यांनी खडूने एक लांब रेघ ओढली. त्या रेघेवर पावलापुढे पाऊल लावून चालायचं. आधी सावकाश, मग चालता चालता मान थोडी डावीकडे नेऊन, थोडी उजवीकडे. मी मागे दोन्ही हात पसरून चालायची, पण हात लावायची बंदी होती. पहिल्या आठवड्यात ते रोज रेघेवरून उतरले. एकदा भिंतीवर आदळून हनुवटी फुटली. हळद दाबून परत रेघेवर. मी म्हटलं, आज पुरे. ते म्हणाले, रेघ अर्धी राहिलेली आहे.

रेकॉर्ड रूमच्या खिडक्या लावून दुसरा प्रयोग चाले. त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधून त्यात कपाळावर टॉर्च खोचला. समोरच्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा टांगलेला होता. डोक्यावरच्या त्या उजेडाचा ठिपका वैनगंगेच्या वरच्या टोकावर ठेवायचा आणि नुसती मान हलवून सगळी नदी खालपर्यंत उतरवायची, ठिपका काठाबाहेर जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला ठिपका नदी सोडून रानोमाळ पळे. बिरसा, परसवाडा, कुठेही. ते घामाने निथळत, मळमळून खाली बसत, आणि उठून पुन्हा वरच्या टोकापासून सुरुवात करत. मधूनच सुरू केलेलं चालणार नाही म्हणत. चपराशी एकदा दार उघडून आत आला, डोक्यावर दिवा लावलेले काकाजी पाहिले आणि फाईल न घेताच परत गेला. त्या संध्याकाळी गावात जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही.

काकू मला एकदा भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, "घरी बी तेच चालू हाय. रोटी खाताना बी मान फिरवून राह्यले. तू तरी समजाव." मी कोणत्या तोंडाने समजावणार. मी मान खाली घालून वांगी निवडत राहिले.

दीड महिन्याने एका दुपारी ठिपका वरच्या टोकापासून निघाला आणि नदीतून कुठेही न घसरता खाली गेला. काकाजींनी टॉर्च विझवला, दुपट्टा सोडून घडी केली आणि म्हणाले, चला, लंच संपला. मला नाचावंसं वाटलं. पण त्यांनी लगेच सांगून टाकलं की भिंत वेगळी आणि रान वेगळं.

धान कापून झालं आणि ते परसवाड्याकडे गेले. आठवड्यातून एकदा त्यांची चिठ्ठी यायची, समास सोडून लिहिलेली. आज आखणीचे इतके खुंटे तपासले, इतके राहिले. चक्कर दोनदा. पडलो नाही. कधी नुसतंच, पडलो, लागलं नाही. साहेबांसमोर ती चिठ्ठी मी टाईपच्या कागदांखाली लपवायची.

महिन्याभराने साहेब आखणी बघायला निघाले. पुढच्या आठवड्यात खोदाई सुरू होणार होती. निरीक्षणाची टिप्पणी जागेवरच टाईप करून घ्यायची साहेबांची हौस, म्हणून मी आणि माझं मशीन जीपमध्ये. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागे टाकून आम्ही बर्डीवर चढलो. बर्डी म्हणजे उंचावरची खडकाळ पडीक जमीन, पळसाची झुडपं असलेली. काकाजी तिथे खुंट्यांच्या ओळीत उभे होते. काळवंडलेले, वाळलेले. त्यांनी नमस्कार केला आणि साहेबांना सोबत घेऊन, अजून न तपासलेल्या खुंट्यांच्या ओळीने चालायला लागले. पाऊल बरं पडत होतं.

दोनेकशे पावलं गेल्यावर ते थांबले. मागे गेले, पुन्हा पुढे आले. पुन्हा मागे गेले. मग म्हणाले, "साहब, यहाँ चढ़ाई है."

खोदाईवर देखरेख करणारा ओव्हरसियर साहेबांसोबत होता, तो हसला. म्हणाला, बाबूजी, नक्शे में तो ढाल है, और नक्शा आप ही का है. साहेबांनी नकाशा उघडून पाहिला. नकाशात उतार होता. माझ्या डोळ्यांनाही जमीन परातीसारखी सपाट दिसत होती.

काकाजी म्हणाले, "नक्शा मैंने बनाया है. नक्शा गलत है."

मला वाटलं, झालं, परत आलं. यांना सपाट जमीन चढाची वाटतेय. हे चढ चढ म्हणत राहतील, लोक हसतील, साहेब यांना कायमचे वेडे ठरवतील, आणि हे पडतील कुठे तरी, दगडावर. मी मशीन खाली ठेवलं आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "साहब, इनको चक्कर आता है," मी म्हटलं. "वो अर्ज़ी में मान नहीं, गर्दन लिखना था. मराठी में गर्दन को मान कहते हैं. टाईप मैंने किया था. गलती मेरी है."

काकाजी दहा पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "गर्दन?" त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ओव्हरसियरला हळूच सांगितलं की सामान बांधा, बाबूजींना जीपमध्ये बसवा. ओव्हरसियर पुढे झाला तेव्हा काकाजींनी लेव्हलची तिपाई उभी करून बुडबुडा मध्यावर आणलेला होता. तिपाई त्यांनी आपल्या डोळ्याइतकी उंच केली होती. वाद घातला नाही, खुलासा केला नाही. जीपमधून आलेल्या चपराशाला मोजपट्टी धरून पुढे पाठवलं, यंत्रातून पाहिलं आणि ओव्हरसियरला म्हणाले, अब आप देखिए.

ओव्हरसियरने पाहिलं. चपराशाला दोन पावलं सरकवून पुन्हा पाहिलं. मग जीपमधून उंचीच्या आकड्यांची मूळ वही मागवली. वहीत लागोपाठच्या दोन ओळींतले आकडे होते, ते नकाशावर उतरवताना एकमेकांच्या जागी पडले होते. जमीन तिथे हातभर चढत होती. कालवा तसाच खोदला असता तर पाणी नेमकं तिथे येऊन थांबलं असतं.

मी ज्या माणसाच्या मागे दीड महिना हात पसरून चालले, त्याच्यावर मी ऐन वेळी विश्वास ठेवला नाही. दिलेला शब्दही मोडला. ते मला तिथे, त्या उन्हात, पुरतं कळलं.

साहेब काकाजींजवळ गेले. आमच्यासमोर कधी वापरला नव्हता अशा आवाजात बोलले. "बाबूजी, मैं समझा नहीं था. कल से आप ऑफिस में बैठिए. मेज जितनी ऊँची चाहिए, करवा दूँगा."

आता काकाजींनी नुसतं हौ म्हणायचं होतं. अर्जात मागितलं तेच साहेब देत होते, आणि वर माफीही मागत होते. काकाजींनी पुढच्या खुंट्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि मान हलवली. नाही म्हणून.

"एक चूक निघाली, दुसरी बी असन," ते म्हणाले. साहेबांना मराठी येत नाही हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. "अजून दीड कोस बाकी हाय."

मी साहेबांना त्याचं हिंदी करून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि ते जीपकडे जाऊन थांबले.

मी तिथेच उभी. आता ते मला काय बोलतील, की काहीच बोलणार नाहीत, याची मला भीती वाटत होती. काहीच बोलले नसते तर ते मला सोसलं नसतं. काकाजींनी ओव्हरसियरच्या हातातून आकड्यांची वही घेतली, पान काढलं आणि माझ्यापुढे धरली.

"बाई, तुले आकडे बरोबर वाचता येतेत," ते म्हणाले. "माहे डोळे पानावरून घसरून राह्यले आज. तू वाच. मी चालतो."

मी वही घेतली. ते पुढे निघाले, मी त्यांच्या मागे. पहिला आकडा मी इतक्या हळू वाचला की त्यांना ऐकूच गेला नाही. ते थांबून राहिले. मग मी तो दुसऱ्यांदा, मोठ्याने वाचला.